स्वावलंबन आणि अरण्य : लेखनवर्गात वाचायच्या काही पुस्तकांविषयी

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकत असेल, तर इमर्सन आणि थोरो ही नावे कधीतरी आपल्या कानांवर पडतात. माणसाने स्वतःवर भिस्त ठेवावी, गावाच्या गलबल्यातून बाहेर पडावे, अरण्यात जाऊन जगणे तपासून पाहावे, असे सांगणारी ही पुस्तके आहेत. ती वाचून निबंध लिहिताना मुले बहुधा दोहोंपैकी एक करतात. काही जण भारावून जातात आणि ‘सगळे सोडून निघावे’ असे लिहितात. काही जण पाठ्यपुस्तकातला सूर्योदय, झुळझुळणारा झरा आणि पाखरांचा किलबिलाट उतरवून मोकळे होतात. आईवडिलांना पहिल्या प्रकाराची भीती वाटते, शिक्षकांना दुसऱ्याचा कंटाळा येतो. ही पुस्तके बालाघाटसारख्या ठिकाणी कशी वाचावीत आणि त्यांवर कसे लिहावे, याचा विचार या व्याख्यानात करायचा आहे.

प्रथम शब्द पाहू. इमर्सनचा स्वावलंबनावरील निबंध 1841 सालचा. आपल्याकडे स्वावलंबन म्हटले की आपले कपडे आपण धुणे, आपले ताट आपण उचलणे, चार पैसे स्वतः कमावणे हे डोळ्यांसमोर येते. इमर्सनला अभिप्रेत असलेली गोष्ट वेगळी आहे. लोक काय म्हणतील यापेक्षा आपल्या बुद्धीला जे खरे वाटते त्याला अधिक मान द्यावा, असे तो म्हणतो. त्याचे स्वावलंबन हातांपेक्षा मनाचे अधिक आहे. हा भेद वर्गात पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर मुले साऱ्या चर्चेत स्वयंपाक आणि लाकूडतोड यांपलीकडे जात नाहीत.

‘अरण्य’ या शब्दाचेही तसेच. इंग्रजीत माणसाचा हात न लागलेल्या प्रदेशासाठी जो शब्द आहे, त्याला मराठीत नेमका जोड नाही. आपले ‘रान’ म्हणजे जंगलही आणि शेतही. ‘अण्णा रानात गेलेत’ याचा अर्थ खेड्यात शेतावर गेलेत असाच होतो. ‘अरण्य’ म्हटले की ऋषी आणि वनवास आठवतो. ‘जंगल’ हा शब्द तर इंग्रजांनीच आपल्याकडून नेला. संस्कृतात त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ झाडोरा कमी असलेली कोरडी भूमी असा होता. सांगायचे इतकेच की आपल्या भाषेने रान आणि वस्ती यांच्यात कडेकोट भिंत घातलेली नाही. थोरो वाचताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता थोरोकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात कॉनकॉर्ड नावाचे गाव आहे. त्याजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी थोरो 4 जुलै 1845 रोजी राहायला गेला आणि 6 सप्टेंबर 1847 रोजी परत आला. त्यावरचे पुस्तक 1854 साली निघाले. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने झोपडीचा खर्च मांडला आहे, 28 डॉलर 12½ सेंट. घेवड्याच्या पिकाचा जमाखर्चही दिला आहे आणि त्यात 8 डॉलर 71½ सेंट नफा दाखवला आहे. विदर्भातल्या जुन्या मालगुजारांच्या वहीत शोभावा असा हा हिशेब आहे. त्याचा धागा धरूनच पुस्तकात शिरावे, असे मी मुलांना सांगत आलो आहे.

जमीन कोणाची? इमर्सनची, म्हणजे मित्राची. कुऱ्हाड? उसनी आणलेली. फळ्या? रेल्वेच्या कामावरच्या एका आयरिश मजुराचे खोपट विकत घेऊन, ते मोडून काढलेल्या. तळे गावापासून किती दूर? चालत अर्ध्या-पाऊण तासावर. तळ्याच्या कडेने आगगाडी जात असे आणि तिची शीळ झोपडीत ऐकू येई. ज्यांच्या लहानपणी सातपुड्याच्या झाडीतून छोटी लाईन धावत होती, त्यांना असले ‘अरण्य’ समजावून सांगावे लागत नाही. जुलै 1846 मध्ये थोरो दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला गावात गेला आणि तेथे त्याला अटक झाली. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला त्याने डोईपट्टी दिली नव्हती. एक रात्र तो कोठडीत होता. दुसऱ्या कोणी कर भरला म्हणून सुटला. या एका रात्रीतून जो निबंध निघाला, तो पुढे गांधीजींपर्यंत पोहोचला.

हे तपशील कळले की काही मुले थोरोला ढोंगी ठरवतात. त्यांना तेथेच थांबवावे लागते. हे सारे त्याने लपवले असते तर ढोंग म्हणता आले असते. जमीन, कुऱ्हाड, फळ्या, गाडीची शीळ ही सगळी माहिती आपल्याला त्याच्याच पुस्तकातून मिळते. मी एकटा जगलो, असे सांगण्यापेक्षा किती कमी वस्तूंत आणि किती थोड्या दिवसांच्या कामात माणसाचे भागते, हे त्याला मोजून पाहायचे होते. उरलेला वेळ त्याला पाहण्यासाठी, लिहिण्यासाठी आणि न पटणाऱ्या गोष्टीला नाही म्हणण्यासाठी हवा होता.

मराठीत हा थोरो आणला दुर्गाबाई भागवतांनी. त्यांचा अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने 1965 साली प्रसिद्ध झाला. दुर्गाबाईंचा जन्म 1910 सालचा, इंदूरचा. म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाशी त्यांचे नाते जन्माचेच. पुढे संशोधनासाठी त्या मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात हिंडल्या. त्या भ्रमंतीत विषारी सुरण पोटात गेल्याने त्यांना भयंकर आजार जडला आणि त्यात त्यांची आयुष्यातली काही वर्षे गेली. रानाविषयी भाबडे लिहिण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. तरीही 1956 साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ आले. मराठीत बारा महिन्यांकडे इतक्या बारकाईने पाहणारे पुस्तक त्याआधी झाले नव्हते.

याच दुर्गाबाई 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. देशात आणीबाणी होती आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातील मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सभेला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. इमर्सनच्या अर्थाचे स्वावलंबन म्हणजे काय, असे कोणी विचारले तर हे उदाहरण सांगावे. त्यासाठी कॉनकॉर्डपर्यंत जायला नको.

रानातल्या माणसाचे दुसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. गोंदियाच्या पलीकडे नवेगावबांध. वनखात्याच्या नोकरीत असताना मारुती चितमपल्ली तेथे राहिले. घरची भाषा तेलुगू, जन्म सोलापूरचा आणि लेखन मराठीत. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ ही त्यांची पुस्तके आपल्या अनेक घरांत असतील. ते 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात गुरूंची गर्दी आहे. कोणी पारधी आहे, कोणी ढिवर आहे, नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार आहेत. पाखराचे नाव, झाडाचे नाव, जनावराच्या चालीला असलेला शब्द, जे ज्याच्याकडून शिकले ते त्याच्या नावावर जमा केलेले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ याच पट्ट्यातले. त्यांच्या ‘सत्तांतर’ला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा आहे. तो वाचून झाल्यावर ‘निसर्गाच्या कुशीत शांती असते’ हे वाक्य कोणत्याही मुलाच्या लेखणीतून सहज उतरत नाही.

आता ज्या पुस्तकाची आईवडिलांना भीती वाटते त्याकडे येऊ. क्रिस्तोफर मॅककँडलेस हा अमेरिकन तरुण. 1990 साली पदवी घेतल्यावर त्याने सुमारे 24,000 डॉलरची शिल्लक दान केली आणि घरी न कळवता तो निघून गेला. एप्रिल 1992 मध्ये तो अलास्काच्या रानात शिरला, एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने मेला. वय 24. जॉन क्राकौर यांनी 1996 साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. थोरो त्याच्या वाचनात होता.

येथे वर्गाने एका जागी थांबावे. जुलैमध्ये त्याला परत यायचे होते. एप्रिलमध्ये तो जी नदी सहज ओलांडून आला होता, ती आता बर्फाच्या पाण्याने फुगली होती. तो मागे फिरला. थोड्याच अंतरावर नदी ओलांडण्याची तारेवरची पेटी होती, पण त्याच्याजवळ त्या भागाचा तपशीलवार नकाशा नव्हता. फाल्गुनातली वैनगंगा आणि श्रावणातली वैनगंगा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली चूक कोणी समजावून सांगायला नको. आपल्याकडच्या गुराख्यालाही ठाऊक असते की नाला ओलांडण्याआधी वर आभाळ कोठे भरले आहे ते पाहावे. हे ज्ञान त्याला बापाने दिलेले असते, बापाला आजोबाने. मॅककँडलेसने पैशाबरोबर असले ज्ञान देणारी माणसेही नाकारली. त्या पुस्तकातले खरे दुःख येथे आहे. हे पुस्तक मुलांपासून लपवू नये. नदीचे ते प्रकरण त्यांच्याबरोबर बसून वाचावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या नदीच्या पुराची हकीकत त्याला जोडावी.

वैनगंगेचे नाव जगभर गेले ते किपलिंगच्या 1894 सालच्या ‘जंगल बुक’मुळे. ते वर्गात आले की मुलांना अभिमान वाटतो. त्याच वेळी एक अवघड प्रश्नही विचारावा. मोगलीच्या त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गोंड आणि बैगा यांचे काय? बैगा नांगर चालवत नसत. धरतीमातेची छाती फाडू नये, असे ते मानत. झाडी तोडून, जाळून, राखेत बी टाकून ते बेवर करीत. इंग्रजी वनखात्याने बेवर बंद करत आणले आणि 1890 च्या सुमारास ती मंडल्याकडच्या, म्हणजे आजच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या, बैगा चकपुरती ठेवली. व्हेरिअर एल्विन यांचा बैगांवरचा मोठा ग्रंथ 1939 सालचा आहे. पुढे 1955 साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, 1973 साली व्याघ्रप्रकल्प झाला आणि गाभ्यातली गावे हलवली गेली. बारशिंगा वाचला हे खरे आहे, आणि माणसे उठली हेही खरे आहे. मुक्कीच्या फाटकातून आपण पाहुण्यांना ‘अस्पर्श अरण्य’ दाखवायला नेतो, तेव्हा ते अस्पर्श नव्हते हे आपल्याला माहीत असायला हवे. थोरोने दोन वर्षे जे करून पाहिले, ते येथे काही समाजांचे रोजचे जगणे होते. त्यांनी त्याला स्वावलंबन असे नाव मात्र दिले नव्हते.

म्हणून या विषयावर लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्याही पुस्तकाला चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आहे? अन्न, हत्यार आणि कपडा कोठून आला? परत येण्याची वाट कोणती आहे? रानातल्या वस्तूंची नावे लेखकाला कोणी शिकवली? या चार उत्तरांतून निबंधाचा सांगाडा आपोआप उभा राहतो. त्यानंतर ‘मला हे जगणे हवे काय’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने द्यावे. इमर्सनची तेवढीच अपेक्षा होती.

चौथा प्रश्न आपल्या घरांशी थेट जोडलेला आहे. 1956 साली नागपूर आणि विदर्भ तिकडे गेले, बालाघाट इकडे राहिले. आपली मुले शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी शिकतात. मराठी स्वयंपाकघरात आणि देवघरात उरली आहे. मोह, तेंदू, चार, बिबा, धावडा, साजा ही झाडे आजोबांना सालीवरून ओळखता येत होती. नातवाला ती दाखवली तर तो सगळ्यांना एकाच शब्दात ‘पेड’ म्हणतो. ज्याला नाव नाही त्यावर चांगले लिहिता येत नाही. म्हणून लेखनवर्गाचा पहिला स्वाध्याय असा असावा : घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे, रानातल्या वीस वस्तूंची नावे उतरवून घ्यावीत, प्रत्येक नावापुढे ते नाव सांगणाऱ्याचे नाव लिहावे आणि मग त्यांपैकी एक वस्तू प्रत्यक्ष जाऊन पाहून यावी. हे काम महाविद्यालय सांगेल याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या दिवाळीच्या सुटीत ते आपल्या ओसरीवरही सुरू करता येईल.