दुधाच्या दातांची साक्ष

घरांतील बालकाचा पहिला दुधाचा दात पडला म्हणजे तो दिवस साऱ्या कुटुंबास कौतुकाचा वाटतो. कोणी तो दात कौलांवर फेकावयास सांगतात, कोणी मातींत पुरावयास लावतात. परंतु याच क्षुद्र वस्तूनें एकदां एका बलाढ्य धंद्याविरुद्ध साक्ष दिली, आणि त्या साक्षीचा आपल्या मुलांच्या बुद्धीशीं निकटचा संबंध आहे, हें फार थोड्या गृहस्थांस ठाऊक असेल.

या कथेचा आरंभ १९२१ सालीं अमेरिकेंत झाला. मोटारीच्या यंत्रांत पेट्रोल अवेळीं पेट घेई व त्यामुळें यंत्रास ठोके बसत. टॉमस मिजली या संशोधकानें पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळून हे ठोके बंद केले. मद्यार्क मिसळूनहि तेंच कार्य साधतें हें त्यास अवगत होतें; परंतु मद्यार्कावर कोणासच मक्तेदारी सांगतां येण्याजोगी नव्हती. १९२३ सालीं शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सी संस्थानांतील एका कारखान्यांत हें संयुग हाताळणारे पांच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले.

गवगवा झाला, आणि १९२५ सालीं सरकारनें तज्ज्ञांची परिषद बोलाविली. हार्वर्ड विद्यापीठांतील डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या विदुषीनें शिसें असें रस्तोरस्तीं पसरूं देण्यांतील धोका स्पष्टपणें बजावला. तथापि विक्री थोडी थांबून पुन्हां सुरू झाली. धंद्याच्या बाजूचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट कीहो यांचें म्हणणें असें कीं, अपाय सिद्ध होईपर्यंत बंदी घालण्याचें कारण नाहीं. पुढें सुमारें चाळीस वर्षें या विषयाचें बहुतेक संशोधन धंद्याच्याच पैशानें चाललें.

येथेंच सारा प्रश्न उभा राहतो. पुरावा कोणी द्यावयाचा? आपला माल निरुपद्रवी आहे याचा विकणाऱ्यानें, कीं आपणांस इजा झाली याचा श्वास घेणाऱ्यानें?

कारण शिशाचा अपाय लवकर ध्यानांत येणारा नव्हे. हवेंतील शिशास रंग नाहीं, वास नाहीं. शरीरांत शिरल्यावर तें हाडांत व दातांत सांठतें. गर्भारपणीं मातेच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोंचतें. पोटांत गेलेल्या शिशापैकीं जेवढा अंश प्रौढ मनुष्याच्या अंगीं भिनतो, त्याच्या चार ते पांच पट बालकाच्या अंगीं भिनूं शकतो. ज्वर नाहीं, पुरळ नाहीं. मुलाचें चित्त मात्र अभ्यासांत लागेनासें होतें, आणि वडील मंडळी त्यालाच आळशी म्हणून बोल लावतात!

डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनीं नेमका हाच धागा धरला. बोस्टन शहराजवळील दोन गांवांतल्या पहिल्या व दुसऱ्या इयत्तेंतील दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दात त्यांनीं जमविले व त्यांतील शिसें मोजलें. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांच्या दातांत शिसें अधिक, त्यांची बुद्धिमत्ता व एकाग्रता कमी. आणि हीं मुलें वरकरणी अगदीं निरोगी होतीं! पुढें नीडलमन यांच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोपहि झाला, परंतु चौकशीअंतीं तो टिकला नाहीं.

अमेरिकन सरकारनें मात्र या साक्षीपूर्वींच, म्हणजे १९७३ सालीं, पेट्रोलांतील शिसें क्रमाक्रमानें कमी करण्याचा नियम केला होता. धंदेवाल्यांनीं त्याविरुद्ध दाद मागितली. १९७६ सालीं वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, जनतेच्या आरोग्यास मोठा धोका दिसत असेल तर प्रत्यक्ष इजा सिद्ध होईपर्यंत सरकारनें थांबण्याची आवश्यकता नाहीं. या धोरणाचें फळ डोळ्यांत भरण्याजोगें आहे. १९७६ ते १९८० च्या दरम्यान तेथील पांच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसें आढळे. १९८८ ते १९९१ च्या पाहणींत तें ३.६ वर आलें. एकाहि मातेस त्यासाठीं औषध पाजावें लागलें नाहीं.

आपल्या देशांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ सालीं प्रथम चार महानगरांत आलें, आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र तेंच मिळूं लागलें. अल्जीरियानें २०२१ सालीं शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री बंद केली, तेव्हां जगांतील मोटारींच्या पेट्रोलमधून हें विष गेलें. मिजलीच्या शोधास तोंवर शंभर वर्षें होत आलीं होतीं.

तथापि उंबरठ्याच्या आंत सावध राहणें आपल्याच हातीं आहे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं होऊन पुढील वर्षाच्या नोव्हेंबरपासून अमलांत आला. पण जुन्या वाड्यांच्या दारांखिडक्यांवर त्यापूर्वींचे थर आहेत. ते कोरडे खरवडूं नयेत, आणि त्या वेळीं मुलें व गर्भवती स्त्रिया दूर असाव्यात. शेंदूर हें शिशाचेंच संयुग आहे. शेंदराचे हात धुतल्यावांचून मुलास भरवूं नये. कल्हई शुद्ध कथलाची आहे, त्यांत शिशाची भेसळ नाहीं, याची खात्री करून घ्यावी.

एवढें सारें केलें तरी हवा कांहीं कोणा एका घराची नसते. अत्यंत कडक सोवळें पाळणाऱ्या घरासहि बाहेरची हवा गाळून आंत घेतां आली नाहीं. तें काम कायद्यासच करावें लागलें. म्हणून उद्यां हवेंत वा पाण्यांत एखादें नवें द्रव्य सोडण्याची परवानगी कोणी मागेल, तेव्हां तें निर्धोक असल्याचा पुरावा आधीं त्याच्याकडूनच मागण्याचा आग्रह सुशिक्षित नागरिकांनीं धरला पाहिजे. नाहीं तर तो पुरावा पुन्हां मुलांच्या दातांतच शोधावा लागेल.