बर्फ कोसळतो म्हणजे काय होतं?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं, भाऊ, मालक फौजेत आहेत. थंडीत टीव्हीवर 'हिमस्खलन' हा शब्द आला की घरात कुणाला घास गिळत नाही. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

तिकडं बर्फ एकदाच पडून एकजीव होत नाही. दर वेळी पडलेल्या बर्फाचा वेगळा थर बसतो. कडाक्याच्या थंडीत खालच्या एखाद्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा जड थर आला, की सांडलेल्या साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं. सपाटीवर ती फरशी जागची हलत नाही. उतारावर मात्र एका माणसाच्या वजनानंही अख्खी निसटू शकते. सगळ्यात घातक उतार ३० ते ४५ अंशांचा. घरातल्या जिन्याचा चढ आठवा, साधारण तसा किंवा थोडा जास्त. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही.

ओरडल्यानं बर्फ कोसळतो, हे सिनेमातलं झालं. खरा धोका भरपूर बर्फ पडल्यावरच्या एक-दोन दिवसांत असतो. जोराचा वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला टाकतो तेव्हा, किंवा एकदम ऊन तापतं तेव्हाही असतो.

थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. गाडलेल्या माणसाला हातसुद्धा हलवता येत नाही, श्वासाला हवा पुरत नाही. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी. बाहेरची मदत एवढ्यात पोचत नाही, म्हणून वाचवणारा असतो तो सोबतीच. यासाठी अशा उतारावर सगळे एकदम चालत नाहीत. एकेक जण पार होतो, बाकीचे नजर ठेवतात. अंगावर संदेश देणारं यंत्र, जवळ लांब सळई आणि फावडं असतं. चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था धोक्याचा इशाराही देते.

तरी सगळं माणसाच्या हाती नसतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनला चौकीवर बर्फाची भिंत कोसळली. दहा जवान गेले, त्यात आपल्या माण तालुक्यातलाही एक होता. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढं दवाखान्यात त्यांनीही प्राण सोडला.

आता सहलीचं. हल्ली आपल्याकडूनही मनाली, सिक्कीमला गाड्या जातात. ४ एप्रिल २०२३ ला नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक बर्फाखाली गेले. एप्रिल महिना, बरं का! परवानगी १३ व्या मैलापर्यंतच होती, दुर्घटना १५ व्या मैलाजवळ झाली. ड्रायव्हर म्हणेल, "ताई, अजून थोडं पुढं नेतो, फोटो छान येतील." तेव्हा परवाना कुठपर्यंतचा आहे ते विचारा आणि तिथूनच गाडी वळवायला सांगा. पैसे भरलेत म्हणून गप्प बसू नका.