बेस गिटारला एवढा मोठा स्पीकर कशाला?

कळंबोलीत गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा रंगला की दोन इमारतींपलीकडे गाण्याचे शब्द पुसट होतात, पण बेसची धुमधुम घरात शिरते. खर्जाच्या लहरी लांबच लांब असतात, काही तर आठ मीटरच्या. त्या इमारतींना वळसा घालतात, भिंतींमुळेही फारशा अडत नाहीत.

मग इतक्या दूर जाणाऱ्या सुरासाठी बेसवादक गिटारवाल्यापेक्षा मोठा अ‍ॅम्प का आणतो? बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, गिटारची ८२ वेळा. कंपनं निम्मी झाली, की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. पंखा सावकाश हलवून तेवढाच वारा हवा असेल, तर तो मोठाच लागतो, तसंच हे. शिवाय आपला कान खर्जाला मंद. म्हणून १० किंवा १५ इंची स्पीकर आणि जास्त वॉट. छोटा अ‍ॅम्प ताणला, तर सूर फाटतो.

उघड्या मैदानात आवाज परतवायला भिंती नसतात, त्यामुळे बेस आणखी पातळ वाटतो. तिथे डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल साउंड सिस्टिमला जुळवून देणाऱ्या छोट्या पेटीतून, बेसची थेट मुख्य साउंड सिस्टिमला जोडणी द्यावी. नव्या वादकाने पहिले पैसे चांगल्या डीआय बॉक्सवर खर्च करावेत. अवजड अ‍ॅम्प नंतरही घेता येतो.