जुना रंधा विकायचाय? आधी ढलपी काढून दाखवा

व्हिडिओत गंजका रंधा चकाचक होताना तुम्ही पाहिला. व्हिडिओत राहून गेलेली माझी चूक इथे सांगतो.

माझा पहिला लोखंडी रंधा मी भंगारातून उचलला, बफिंग मशीनवर आरशासारखा चमकवला आणि लकडगंजच्या एका सुतारकाकांना विकला. दुसऱ्याच दिवशी काका दुकानात. म्हणाले, "भाऊ, दिसते छान, पण लाकूडच पकडत नाही." बफिंगमध्ये तळाच्या कडा गोल झाल्या होत्या. पैसे परत केले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी:

घेताना: तळाला किंवा तोंडाजवळ चीर असेल तर सोडून द्या. गंज निघतो, चीर जात नाही. लेनर्ड बेलीची पेटंटं स्टॅन्ले कंपनीनं १८६९ मध्ये घेतली. तीच रचना पुढे जगभर चालली. ४ आणि ५ नंबरच्या रंध्यांना साधारण २ इंची पातं लागतं, म्हणून ह्या दोन नंबरांपासून सुरुवात करा. सुट्या पात्यांचा एकच साठा दोन्हीला चालतो.

करताना: गंजलेले सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडे करून तेल लावा. तळावर पेन्सिलीच्या रेघा ओढा आणि जाड काचेवर १२० नंबरचा पेपर चिकटवून घासा. पातं बसवलेलंच, पण आत ओढलेलं ठेवा, कारण त्याच्या दाबानं तळ किंचित वाकतो. पुढे, तोंडाशी आणि मागे रेघा गेल्या की तळ सपाट. पात्याची पाठ सपाट करून २५ अंशाची धार लावा. वरची पट्टी धारेपासून १ मिलिमीटर मागे ठेवा.

विकताना: समजा रंधा ४०० रुपयांचा, पेपर-तेल १५० आणि तुमचे ४ तास. ९०० ला विकला तर ३५० सुटले असं वाटतं. पण तासाचे १५० धरले तर मजुरीच ६०० झाली. एकूण खर्च ११५०, म्हणजे २५० चा तोटा! स्वतःची मजुरी आधी लिहा, मग भाव सांगा.

आता माझ्या काउंटरवर सागवानाचा तुकडा असतो. गिऱ्हाईक स्वतः रंधा मारतं, पातळ ढलपी निघाली की भावावर फार घासाघीस होत नाही. तेच काका पुढच्या महिन्यात पटाशा घेऊन आले, धार लावायला.

तुमच्या एका तासाचा भाव किती? आज वहीत लिहाच.