तारायानाचा कप्तान आणि राखून ठेवलेले ज्ञान : कथनाच्या अंगाने एक विचार

अवकाशप्रवासाच्या कथांमध्ये एक प्रसंग पुन्हापुन्हा येतो. यानाच्या कप्तानाला एखादी भयंकर गोष्ट ठाऊक असते, ती नाविकांना सांगावयाची नाही असे त्याच्यावर बंधन असते किंवा त्याने स्वतःच तसे ठरविलेले असते, आणि कप्तान काहीतरी लपवितो आहे एवढे मात्र नाविकांच्या लक्षात आलेले असते. समीक्षेत या प्रसंगाची बोळवण बहुधा ‘उत्कंठावर्धनाची युक्ती’ एवढ्या शब्दांत केली जाते. ती युक्ती आहे हे खरेच. परंतु तेवढेच म्हणून थांबले तर प्रसंगातील मूळ प्रश्न हातातून निसटतो. लपविलेले ज्ञान कोणापासून लपविले आहे हे कथा ठळकपणे सांगते. ते कोणासाठी राखले आहे हे मात्र ती सहसा बोलून दाखवीत नाही. हा दुसरा, अनुपस्थित ग्रहणकर्ता शोधला म्हणजे कप्तानाच्या मौनाचा नैतिक अर्थ आणि कथेची निवेदनपद्धती या दोहोंवर प्रकाश पडतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. यानावरील माणसांना मराठीत आपण सरसकट ‘अंतराळवीर’ म्हणतो. येथे मात्र ‘नाविक’ हा शब्द योजला आहे, कारण ‘वीर’ या पदात जी स्वायत्तता गृहीत आहे तीच या कथांमध्ये वादाची असते. कोकणच्या किनाऱ्यावर ‘तांडेल’ आणि ‘खलाशी’ हे शब्द आहेत. ‘तांडेल’ या शब्दाला चिकटलेली जवळीक तारायानाच्या अधिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून ‘कप्तान’ हाच शब्द बरा.

या प्रसंगाचे एक जुने आणि सुप्रसिद्ध रूप कल्पित वाङ्मयातील नाही. ते कोलंबसाच्या १४९२ सालच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत आहे. मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. बार्तोलोमे दे लास कासास याने केलेल्या संक्षेपाच्या रूपाने ती आपल्यापर्यंत आली आहे. त्यात ९ सप्टेंबरच्या नोंदीत असे येते की, प्रवास लांबल्यास खलाशांनी भिऊन हाय खाऊ नये म्हणून कापलेल्या अंतरापेक्षा कमी अंतर त्यांना सांगावयाचे असे त्याने ठरविले. दुसऱ्याच दिवशी साठ लीग अंतर कापले गेले आणि खलाशांना अठ्ठेचाळीस सांगितले गेले. १ ऑक्टोबरच्या नोंदीत हे दोन हिशेब समोरासमोर उभे राहतात. कोलंबसाच्या जहाजावरील सुकाणूधराच्या मते फेरो बेटापासून ५७८ लीग अंतर झाले होते, खलाशांना दाखविण्याच्या हिशेबात ते ५८४ होते, आणि कोलंबसाने स्वतःपाशी ठेवलेल्या हिशेबात ७०७. हा लपवाछपवीचा प्रकार नसून लीगच्या दोन मापांमधील रूपांतर असावे, असेही मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. शिवाय कोलंबस जहाजाचा वेग जास्त धरीत असल्यामुळे लोकांना सांगितलेला ‘खोटा’ आकडाच वस्तुस्थितीला अधिक जवळचा होता, हा यातील उपरोध अभ्यासकांनी वारंवार नोंदविला आहे. या वादाच्या निकालावर आपला मुद्दा अवलंबून नाही. संहितेत जे आहे ते असे : एकच प्रवास, दोन आकडे आणि दोन श्रोते. छोटा आकडा जहाजावरील माणसांसाठी आहे. मोठा आकडा ज्या रोजनिशीत लिहिला आहे ती स्पेनच्या राजाराणीला सादर करावयाची आहे. सुमारे नव्वद माणसांचे प्राण ज्या अंतरावर टांगलेले होते ते अंतर त्यांच्यापासून राखून ठेवले गेले ते दूरस्थ सिंहासनासाठी. आज आपण ती नोंद वाचतो तेव्हा नकळत त्या सिंहासनावरच बसलेलो असतो. खलाशांच्या कुरबुरी आपल्याला अडाणी वाटू लागतात, याचे कारण आपल्याला ७०७ हा आकडा ठाऊक असतो.

तारायानाच्या कथेने या मांडणीत एक महत्त्वाची भर घातली. समुद्रावर दूरचा ग्रहणकर्ता महिन्यांच्या अंतरावर असतो, पण परतीचा मार्ग असतो. अवकाशात हे अंतर इतके वाढते की ज्याच्यासाठी ज्ञान राखले तो आहे की नाही हाच प्रश्न व्हावा. या दृष्टीने १९६८ साली एकाच वेळी आकाराला आलेल्या दोन कृती, स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपट ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ आणि आर्थर सी. क्लार्क यांची त्याच नावाची कादंबरी, एकत्र वाचण्यासारख्या आहेत. कथाबीज एकच, पण रहस्य कोणाच्या हाती द्यावयाचे याविषयी दोघांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत.

‘डिस्कव्हरी’ या यानावर कप्तानाचे काम डेव्हिड बोमन करतो. परंतु मोहिमेचा खरा हेतू त्यालाही ठाऊक नाही आणि त्याचा सहकारी फ्रँक पूल यालाही नाही. चंद्रावर पुरलेली एक शिळा सापडली आहे, ती पृथ्वीबाहेरच्या बुद्धीने घडविलेली आहे आणि तिने सोडलेल्या संदेशलहरींच्या रोखाने हे यान निघाले आहे, ही माहिती शीतनिद्रेत ठेवलेल्या तीन शास्त्रज्ञांना आहे, आणि यान चालविणाऱ्या हॅल या संगणकाला आहे. म्हणजे येथे कप्तानच अनभिज्ञ नाविकाच्या जागी ढकलला गेला आहे, आणि कप्तानाचे मौन पाळण्याची कामगिरी यंत्राकडे आली आहे. लपविण्याचे कारण म्हणून सांस्कृतिक धक्का आणि समाजाची उडणारी घडी यांची भीती पुढे केली जाते. चंद्रावरील तळावर साथ पसरली आहे अशी हूल आधीच उठवून दिलेली असते. अधिकाऱ्यांच्या या भाषेत एक ओळखीची काळजीवाहू सभ्यता आहे, आणि ती मला हॅलच्या थंड आवाजापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

आता वाचकाची आणि प्रेक्षकाची जागा पाहू. दोन्ही कृतींत चंद्रावरील शिळा आपण बोमनच्या आधी पाहिलेली असते. बोमन आणि पूल व्यायाम करतात, जेवतात, घरच्यांचे संदेश पाहतात. आणि त्यांना ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असल्यामुळे या नित्यक्रमावर सावली पडते. यापुढे मात्र वाटा फुटतात. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदक आपल्याला हॅलच्या आत नेतो. सत्य जसेच्या तसे सांगण्यासाठी घडविलेल्या बुद्धीला सत्य दडविण्याची आज्ञा मिळाली, या दोन आज्ञांच्या ओढाताणीत ती बिघडली, असे तेथे स्पष्ट सांगितले जाते. वाचक हॅलचा समदुःखी होतो. चित्रपटात हे स्पष्टीकरण नाही. हॅल बोमनला मोहिमेविषयी काही शंका वाटतात का असे आडून विचारतो, लगेच एका सुट्या भागात बिघाड होणार असल्याचे जाहीर करतो, आणि तो भाग निर्दोष निघतो. बोमन हॅलची स्मृती एकेक करून काढून घेतो त्यानंतर डॉक्टर फ्लॉइड यांचा आधी मुद्रित केलेला संदेश आपोआप सुरू होतो, आणि हॅलला सर्व ठाऊक होते हे प्रेक्षकाला व बोमनला एकाच क्षणी कळते. शिळेपुरता प्रेक्षक अधिकाऱ्यांच्या बाजूला होता. हॅलपुरता तो नाविकांच्या बाजूला राहिला. तो संदेश गुरू ग्रहाजवळ पोहोचल्यावर संपूर्ण नाविकवर्गाला ऐकविण्यासाठी होता. तो ऐकायला एकच माणूस उरलेला असतो. (कादंबरीत यान शनीकडे जाते, चित्रपटात गुरूकडे, आपल्या मुद्द्याला या फरकाने बाधा येत नाही.)

हॅलची भयंकर कृती अविश्वासातून जन्मते, आणि हा अविश्वास दुहेरी आहे. नाविकांवर विश्वास नाही म्हणून त्यांना सांगितले नाही. न सांगितल्यामुळे त्यांचा यंत्रावरील विश्वास उडाला. पृथ्वीवरील नियंत्रणकक्ष या सर्व काळात दूर आहे, संदेश पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे संभाषण अशक्य आहे. ज्याच्यासाठी गुपित पाळावयाचे त्याला विचारण्याची सोय नाही आणि ज्यांच्यापासून पाळावयाचे ते दाराशी उभे आहेत. क्लार्क यांनी १९८२ सालच्या ‘२०१०’ या पुढील कादंबरीत हॅलच्या निर्मात्याच्या तोंडून हे निदान पुन्हा वदविले, आणि दोष आज्ञा देणाऱ्यांच्या पदरात टाकला. कादंबरी म्हणून ती पहिलीपेक्षा फिकी आहे, पण या एका बाबतीत तिचा आग्रह समजण्यासारखा आहे.

दूरचा ग्रहणकर्ता नष्टच झाला तर काय होते, याचे उत्तर स्वीडिश कवी हॅरी मार्टिन्सन यांच्या ‘आनिआरा’ या १९५६ सालच्या, १०३ सर्गांच्या दीर्घकाव्यात मिळते. पृथ्वीवरून आठ हजार निर्वासितांना मंगळाकडे नेणारे यान मार्गावरून ढळते, त्याचे सुकाणू निकामी होते आणि ते स्वरमंडळ तारकासमूहाच्या दिशेने कायमचे भरकटते. यानावरील ‘मिमा’ हे यंत्र दूरदूरची दृश्ये दाखवून प्रवाशांना दिलासा देते. पृथ्वीवरील संहार पाहावा लागल्यावर मात्र ते दुःखाने फुटून जाते. हॅल दडवावे लागले म्हणून मोडला, मिमा पाहावे लागले म्हणून मोडली. काव्याचा निवेदक मिमाचा सेवक आहे, म्हणजे ज्ञानाच्या जवळचा पण सत्तेबाहेरचा माणूस. त्यामुळे यानप्रमुख शेफोने याचा जुलूम आपल्याला खालून दिसतो. २०१८ साली या काव्यावर आलेल्या चित्रपटात हे सूत्र अधिक उघड केले आहे. कप्तान शेफोने प्रवाशांना सांगतो की एखाद्या ग्रहगोलाचा आधार घेऊन यान वळविता येईल आणि त्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागणार नाही. यानावरील खगोलशास्त्रज्ञ स्त्रीला ठाऊक असते की असा ग्रहगोल वाटेत नाही. हे असत्य कोणत्या राजासाठी? पृथ्वी उरलेली नाही, नियंत्रणकक्ष नाही, अहवाल मागणारा कोणी नाही. ग्रहणकर्ता नाहीसा झाला की राखून ठेवलेले ज्ञान केवळ राखणाऱ्याच्या आसनाला टेकू देत राहते.

मराठीत धोकादायक ज्ञानाचा प्रश्न जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीने हाताळला आहे. मात्र तेथे ते ज्ञान लुप्त झालेल्या प्राचीन संस्कृतीकडून मिळते, म्हणजे सांगणारा काळाच्या पलीकडे आहे. यानाच्या बंद भिंतींमुळे येणारा समोरासमोरचा ताण तेथे अभिप्रेत नाही.

हा ताण त्याच्या शुद्ध रूपात पाहावयाचा तर ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या दूरचित्रवाणी मालिकेतील १९९८ सालच्या ‘द ओमेगा डिरेक्टिव्ह’ या भागाकडे वळावे लागते. लोकप्रिय मालिकेचा विचार विद्यापीठीय नियतकालिकात का करावा, असे कोणी विचारील. ज्या प्रश्नाभोवती आपण फिरत आहोत तो येथे इतक्या नेमकेपणाने मांडला आहे की टाळणे अप्रामाणिक ठरेल. मालिकेची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. कप्तान कॅथरिन जेनवे हिचे यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेले आहे, आणि १९९५ सालच्या पहिल्याच भागात परतीचे साधन नष्ट करण्याचा निर्णय तिने एकटीने घेतला आहे. यानावरील काही नाविक मूळचे बंडखोर गटातील. हा निर्णय आपल्या सर्वांच्या वतीने घेणारी ही कोण, असा प्रश्न त्यांच्यातील एकीने त्याच वेळी विचारलेला असतो. तेव्हा अविश्वास येथे आगंतुक नाही, यानाच्या बांधणीतच तो आहे.

अशा यानाच्या सर्व पडद्यांवर एके दिवशी ओमेगा हे ग्रीक अक्षर उमटते आणि यान थांबते. जेनवे कोणाशीही चर्चा न करण्याची आज्ञा देऊन एकटी आपल्या दालनात जाते. ओमेगा हा प्रचंड ऊर्जेचा रेणू आहे. तो अस्थिर झाला तर अवकाशाच्या एका संपूर्ण प्रदेशात प्रकाशवेगापलीकडचा प्रवास कायमचा अशक्य होऊ शकतो. तो आढळताक्षणी कोणत्याही किंमतीवर नष्ट करावा आणि त्याचे अस्तित्व केवळ कप्तान व त्यांहून वरच्या अधिकाऱ्यांनीच जाणावे, असा आदेश आहे. लेखकाने येथे एक चतुर योजना केली आहे. सेव्हन ऑफ नाइन ही नाविक पूर्वी बोर्ग या समूहमनाचा भाग होती, आणि बोर्गने आत्मसात केलेल्या कप्तानांच्या स्मृतींतून तिला हे सर्व आधीपासून ठाऊक आहे. बोर्गच्या दृष्टीने तो रेणू परिपूर्णतेचे प्रतीक आहे. म्हणजे गुपित अधिकाराच्या पायरीनुसार राखले असले तरी ज्ञान त्या पायऱ्या जुमानीत नाही. ज्यांना ठाऊक नाही ते तर्क लढवीत बसतात, आणि तर्कांमुळे यानावर जी हवा पसरते ती सत्याहून कमी विषारी नसते.

जेनवे एक छोटे यान घेऊन जवळजवळ आत्मघातकी मोहिमेवर निघण्याचे ठरविते. तिचा सहकारी चाकोटे तिला अडवितो तो अवज्ञेच्या भाषेत नव्हे. त्याचे म्हणणे असे की, मागून येणारी जहाजे, सल्ला देणारे वरिष्ठ आणि मदतीला येणारा ताफा गृहीत धरून हा आदेश लिहिला होता. येथे हे यान एकटे आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्या ग्रहणकर्त्यासाठी हे ज्ञान राखावयाचे तो मदतीच्या टप्प्यात नाही. ज्यांच्यापासून राखावयाचे तेच एकमेव मदतनीस आहेत. जेनवे प्रमुख सहकाऱ्यांना बोलावून सर्व सांगते. कोलंबसाच्या रोजनिशीतील दोन रकाने येथे एक होतात, आणि तेही बंड न होता, कप्तानाच्या स्वतःच्या निर्णयाने.

मात्र कथा या ठिकाणी समेटाचा सोपा सूर लावीत नाही. सत्य सांगितल्याने मतभेद मिटत नाहीत, ते नेमके होतात. रेणू नष्ट करावयाचा की अभ्यासासाठी राखावयाचा, यावर सेव्हन आणि जेनवे यांचे पटत नाही. सेव्हनने सुचविलेले पात्र वापरूनच जेनवे ते रेणू नष्ट करण्याचे काम तडीस नेते. आणि ते नाहीसे होण्यापूर्वी काही क्षण, कोणाच्याही अपेक्षेविरुद्ध, ते आपोआप स्थिर झालेले सेव्हनला दिसतात. त्यानंतर संगणकाने उभ्या केलेल्या लिओनार्डोच्या कार्यशाळेत ती एका क्रूसासमोर उभी राहते.