प्रेरणा गावाची, नाममुद्रा कोणाची?

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात कंपनीने ज्या चपला प्रदर्शनात मांडल्या, त्यांना महाराष्ट्रातील कोणीही पाहताक्षणीच कोल्हापुरी म्हटले असते. कंपनीने मात्र त्यांना निव्वळ चामडी चपला म्हटले होते. गदारोळ उठल्यावर प्रेरणेचे मूळ भारतात असल्याचे तिने मान्य केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. वाद मिटला, त्याने उभा केलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण १९९९ च्या कायद्याने मिळणारे हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. नाव न घेता कोणी नुसते रूपच उचलले, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

हा प्रश्न परदेशी कंपन्यांपुरताही नाही. गेल्या तीन-चार दशकांत आपल्याकडे स्वतंत्र वस्त्ररचनाकारांचा, म्हणजे फॅशन डिझायनरांचा, एक वर्ग उदयास आला आहे. गिरणीची नोकरी नाही, मोठ्या व्यापाऱ्याचा आश्रय नाही. स्वतःचे नाव कपड्याच्या कॉलरीमागे शिवायचे आणि त्या नावावर बाजारात उभे राहायचे, असा हा व्यवसाय आहे. या नावाला वजन येते ते कशामुळे, हे पाहण्यासारखे आहे.

कुणबी लुगडे आणि इरकली मुलखातला खण

गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) उमेदवारीच्या काळात पॅरिसला गेले असता, तुमच्या कपड्यांत तुमचा देश कोठे आहे, असे त्यांना विचारण्यात आले. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत ते गोव्याला परतले. कोलवाळ या आपल्या गावी राहून त्यांनी साधे, सैल, समुद्रकाठच्या हवेला मानवणारे कपडे केले आणि तेच त्यांच्या नावाचे वैशिष्ट्य ठरले. कष्टकरी कुणबी स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे लुगडे गोव्यातून जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यांनी ते पुन्हा विणवून घेतले आणि रंगमंचावर आणले. गोव्याच्या वेशपरंपरेचा इतिहास त्यांनी २०१२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण वैशाली शडांगुळे यांचे. मध्य प्रदेशातील विदिशा येथे वाढलेल्या या बाईंनी २००१ मध्ये मुंबईत स्वतःचा व्यवसाय मांडला. जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या उच्च वस्त्ररचना सप्ताहात त्यांनी आपले काम सादर केले. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री रचनाकार होत. चंदेरी, पैठणी यांबरोबर त्यांनी आपलासा केलेला एक कपडा म्हणजे खण. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणला जाणारा आणि महाराष्ट्रात चोळीसाठी व ओटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला खण शिवलेल्या ब्लाउजच्या जमान्यात मागे पडला होता. रचनाकारांनी त्याचे मोल नव्या गिऱ्हाइकाला पटवून दिले. आज खणाच्या साड्या, पिशव्या, तोरणे सर्वत्र दिसतात.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. रचनाकाराची नाममुद्रा वेगळी वाटते ती त्यामागे एखादा मुलूख, एखादी जात-जमात, एखादा विणकर उभा असतो म्हणून.

वेगळेपणाची किंमत

अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ साली मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धान्त मांडला. गव्हाचा शेतकरी बाजारभाव मुकाट्याने स्वीकारतो. ज्याचा माल इतरांहून वेगळा भासतो, तो मात्र आपल्या लहानशा वर्तुळात मक्तेदार होतो आणि किंमत स्वतः ठरवू शकतो. कपड्यावरील नाव हे अशा वर्तुळाचे कुंपण होय. कुंपण एकाच्या मालकीचे असते, आतली जमीन पुष्कळदा सर्वांची असते. नक्षी, रंग आणि नेसण्याची रीत पिढ्यांच्या श्रमातून घडते. तिच्यावर मिळणारा जादा नफा एका नावाच्या खात्यावर जमा होतो. विणकराला मिळते ती नगावर मजुरी.

याचा अर्थ रचनाकार लुबाडतो असा नव्हे. नमुने फसतात, माल पडून राहतो, दुकानाचे भाडे थांबत नाही. ही जोखीम तोच उचलतो. शिवाय, कोणी मागणीच निर्माण केली नसती तर कुणबी लुगडे केवळ संग्रहालयात उरले असते. तेव्हा प्रश्न नफ्याच्या वाटणीचा आहे. त्या वाटणीत गावाला वाटा हवा असेल, तर गावाच्या हाती मजुरीखेरीज आणखी काही असावे लागेल.

पळसदेवचे काय?

हा विचार बारामती-इंदापूरच्या पट्ट्याला विशेष लागू पडतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील टेक्स्टाईल पार्कमध्ये आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया शिलाईकाम करतात. रोजगाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु तेथे शिवलेल्या कपड्यांवर बहुधा दुसऱ्याच कुणाचे नाव लागते. हात येथले, वेळ येथला; वेगळेपणाचे मोल अन्यत्र.

वास्तविक प्रेरणेचे दारिद्र्य या मुलखात नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील पळसदेवचेच उदाहरण घ्यावे. उजनी धरणाने जुने गाव भीमेच्या पाण्याखाली गेले. पाणी खूप ओसरले की पळसनाथाचे प्राचीन कोरीव मंदिर उघडे पडते आणि त्याच्या शिल्पातील रेषा पुन्हा पाहता येतात. ज्या झाडाचे नाव गावाने मिरवावे त्या पळसाच्या फुलांपासून केशरी-पिवळा रंग निघतो. तो उन्हात विटतो, मात्र तुरटीने काही अंशी टिकवता येतो. याच पट्ट्यात धनगरांची मेंढरे आहेत. त्यांच्या काळ्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ही दख्खनची खरी वस्त्रपरंपरा. आज त्या जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही. कातरलेली लोकर अनेकदा टाकून द्यावी लागते. उद्या मुंबईचा एखादा कल्पक रचनाकार हीच लोकर आणि हाच रंग घेऊन नाव कमावील. तेव्हा पळसदेवच्या वाट्याला काय येईल, याचा विचार आजच व्हायला हवा.

या तालुक्यांना असा विचार नवा नाही. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरला खासगी साखर कारखाना उभारला. पुढे भवानीनगरला सहकारी कारखाना निघाला आणि ऊस विकणारा शेतकरी साखरेचा भागधारक झाला. कच्चा माल विकणे आणि पक्क्या मालात वाटा असणे यांतील फरक येथील माणसाला कोणी शिकवायला नको. सहकाराचे दोष पुढे दिसले, हेही त्याला ठाऊक आहे.

वस्त्रांच्या बाबतीत हेच पाऊल तुलनेने थोड्या भांडवलात टाकता येईल. १९९९ च्याच व्यापारचिन्ह कायद्यात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. शिलाई जाणणाऱ्या स्त्रिया, मेंढपाळ आणि उरलेसुरले विणकर यांची एक संस्था असे चिन्ह नोंदवू शकते. बाहेरून येणाऱ्या रचनाकाराशी मजुरीबरोबरच विक्रीतील हिश्श्याचा आणि कपड्यावर गावाचे नाव छापण्याचा करार तिला करता येईल. शाळा-महाविद्यालयांनीही शिवणवर्गावर थांबू नये. परिसरातील नक्षी, रंग, पागोटी, लुगडी यांची चित्रांसह नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. अशी नोंद असली, म्हणजे प्रेरणा कोठून आली याचा पुरावा गावापाशी राहतो.

हे सर्व केले तरी पहिली काही वर्षे तोट्याची जातील, आणि गिऱ्हाईक मिळेलच याची खात्री नाही. पण नुसत्या मजुरीवर थांबण्यातही तोटा आहेच. तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही, इतकेच.