भलं दडलेलं असतं, पण ते सांगायचं कुणी?

ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनविभागात सीटी-1 हा वाघ जेरबंद झाला. तोवर वडसा, भंडारा, ब्रह्मपुरी या पट्ट्यात 13 माणसं त्यानं मारली होती. असा माणूस गेलेल्या घरी भेटायला गेलं की दोन वाक्यं कानावर पडतातच. ‘देवानं यातही काही भलं पाहिलं असेल’ आणि ‘जंगलात गेलाच कशाला?’ वाईटात लपलेल्या भल्याचा विचार ज्यू परंपरेनं दोन हजार वर्षं केला आहे. तिची साक्ष इथं कामी येते.

गैरसमज : सगळं देवच घडवतो, म्हणून ज्यू धर्मात वाईट असं काही नाहीच.

वस्तुस्थिती : वाईट घडलं तरी देवाचं स्मरण करावं, असं मिश्ना हा ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. पण शब्द वेगळे आहेत. शुभवार्तेला देव भला आणि भलं करणारा, मृत्यूच्या बातमीला देव सच्चा न्यायाधीश. दोन्हींना एकच स्तुती शोभेल ती पुढच्या जगात, असं मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद म्हणतो. या जगात मृत्यूला चांगलं म्हणायची सक्ती नाही.

गैरसमज : तालमूदमधली रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवाची गोष्ट सांगून दुसऱ्याचं दुःख हलकं करता येतं.

वस्तुस्थिती : गावात कुणी आसरा दिला नाही म्हणून अकिवा रानात झोपला. वाऱ्यानं दिवा विझवला, मांजरानं कोंबडा नेला, सिंहानं गाढव खाल्लं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, देव करतो ते भल्यासाठी. त्याच रात्री सैन्य आलं आणि गावकऱ्यांना बंदी करून घेऊन गेलं. दिवा किंवा आवाज असता तर तोही सापडला असता. पण तो बोलला ते स्वतःच्या गाढवाबद्दल. माझ्या मते सगळं मर्म तिथंच आहे.

आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली ज्यूंमध्येही हेच दिसतं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं, अशी त्यांची परंपरा सांगते. त्याचं नाव ‘दयेचं दार’. कृतज्ञता सुटकेबद्दल होती, आणि ती भोगलेल्या माणसानं स्वतः व्यक्त केली.

गैरसमज : दुःखाचं कारण समजावणं म्हणजे सांत्वन.

वस्तुस्थिती : तालमूद याला शब्दांनी केलेला छळ मानतो. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याला सांगत राहिले की तुझंच काही चुकलं असेल. पीडिताशी तसं बोलायला साफ मनाई आहे. त्याआधी हेच मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्यानं बसले होते, तेवढं मात्र बरोबर होतं. म्हणून ज्यू घरात सुतकात भेटायला आलेला माणूस शोक करणारा बोलेपर्यंत तोंड उघडत नाही, अशी रीत आहे.

मोहफुलं, सरपण आणायला किंवा गुरं चारायला माणूस जंगलात जातो तो पोटासाठी. वाघानं त्याला मारलं आणि तुम्ही त्याच्या घरी गेलात, तर ‘कशाला गेला’ हे विचारू नका. शेजारी बसा, आणि दुसऱ्या दिवशी भरपाईचा अर्ज करायला त्याच्या घरच्यांसोबत वनखात्याच्या कचेरीत जा.